एक्स-रे काढताना पेशंटला लेड एप्रन: बंद करायचा की चालू ठेवायचा?

भौतिकवाला
पेल्व्हिस, पोट किंवा छातीचा एक्स-रे काढताना पेशंटच्या जननेंद्रियांवर शिसं ठेवायची पद्धत आता बंद करावी, असं माझं मत. 1976 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) तशी शिफारस केली तेव्हा किरणांचे डोस मोठे होते आणि आनुवंशिक दोषांची धास्ती होती. पुढे आयसीआरपीने (किरणसुरक्षेची आंतरराष्ट्रीय संस्था) जननग्रंथींचा टिश्यू वेटिंग फॅक्टर (किरणांच्या एकूण धोक्यात त्या अवयवाचा वाटा) 1977 मधल्या 0.25 वरून 1990 मध्ये 0.20 आणि 2007 मध्ये थेट 0.08 वर आणला. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांमध्येही किरणांमुळे आनुवंशिक दोष वाढल्याचं दिसलेलं नाही. 2019 मध्ये एएपीएमने (अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची संघटना) आणि 2021 मध्ये एनसीआरपीने (अमेरिकेची किरणसुरक्षा परिषद) सरसकट शिल्डिंग, म्हणजे शिसं ठेवणं, थांबवा असं सांगितलं.

नुसतं निरुपयोगी असतं तर सोडून दिलं असतं. पण एईसी (एक्सपोजर आपोआप थांबवणारी यंत्रणा) असलेल्या मशीनवर ते उलटतं. बकीत (पेशंटच्या मागच्या, डिटेक्टर बसवायच्या चौकटीत) डिटेक्टरच्या पुढे बहुधा तीन आयन चेंबर (किरण मोजणारे कप्पे) असतात. ठरावीक किरण पोचले की ते एक्सपोजर तोडतात. शिसं चेंबरवर आलं की किरण पोचत नाहीत आणि ट्यूब पार बॅकअप टायमरपर्यंत (कमाल वेळेच्या मर्यादेपर्यंत) चालू राहू शकते. बाकीच्या पोटाला फुकटचा डोस. मुलींमध्ये अंडाशयांची जागा एकसारखी नसते, त्यामुळे मधोमध ठेवलेला तुकडा बऱ्याचदा सेक्रम (माकडहाडाच्या वरचं हाड) झाकतो आणि अंडाशय उघडेच राहतात. मग रिपीट, म्हणजे दुप्पट डोस. आणि फील्डच्या (थेट झोत पडतो त्या भागाच्या) बाहेरच्या अवयवापर्यंत जो स्कॅटर (विखुरलेले किरण) जातो तो मुख्यतः शरीराच्या आतून जातो. वरून एप्रन टाकून तो कसा अडणार?

तालुका टेक्निशियन
मुद्दे बरोबर, पण मशीन कुठलं? आमच्याकडची बरीच मशीन 100 एमएची, म्हणजे छोटी. एईसी नाही, केव्ही आणि एमएएस (किरणांचा जोर आणि प्रमाण) हाताने लावायचं. चेंबरच नाही तर फसणार कोण? शिवाय कोलिमेटरचा (झोताची रुंदी ठरवणारा भाग) बल्ब गेलेला असतो, त्यामुळे झोत कुठे पडणार ते दिसत नाही. मग टेक्निशियन कोलिमेटरची पानं (झोत आवळणाऱ्या पट्ट्या) सताड उघडी ठेवतो, 14×17 इंची कॅसेट लावतो आणि त्यावर दोन वर्षांचं मूल. 8×10 मध्ये मावणारी छाती, पण झोत मांड्यांपर्यंत. अशा वेळी जननेंद्रियं स्कॅटरमध्ये नसतात, थेट प्राथमिक झोतात असतात. तिथे अर्धा मिलिमीटर शिसं जवळपास सगळं अडवतं. अमेरिकेतलं पत्रक वाचून इथला एप्रन काढला तर नुकसान या पोराचं.

भौतिकवाला
ही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! 14×17 म्हणजे 238 चौरस इंच, 8×10 म्हणजे 80. फील्ड नीट आवळलं की किरण पडतात ते क्षेत्र तिसऱ्या हिश्श्यावर येतं, स्कॅटर घटतो, इमेजही सुधारते. एप्रनने यातलं काय होतं?

बल्ब बदलल्यावर नाण्यांची चाचणी करा. 10×12 च्या कॅसेटवर 100 सेंमी अंतरावरून 8×10 चं लाइट फील्ड (बल्बच्या उजेडाचा चौकोन) पाडा. चारही कडांना एक-एक रुपयाची दोन नाणी एकमेकांना टेकवून ठेवा, एक प्रकाशाच्या आत, एक बाहेर, सांधा बरोबर कडेवर. दिशा कळावी म्हणून एका कोपऱ्यात नववं नाणं. 50-55 केव्ही, 2-3 एमएएस पुरे. झोताची कड दोन नाण्यांच्या सांध्यावर यायला हवी. एईआरबीची (भारताचं अणुऊर्जा नियामक मंडळ) मर्यादा अंतराच्या 2 टक्के, म्हणजे इथे 2 सेंमी. जास्त फरक असेल तर बहुधा कोलिमेटरमधला आरसा हललेला असतो, इंजिनिअर बोलवा.

बालअस्थी
दोघेही एका गटाला विसरताय. पर्थेस किंवा डीडीएचच्या (लहान मुलांतले खुब्याचे आजार) मुलाचे एक्स-रे वर्षानुवर्षं काढले जातात, एपी (समोरून) आणि फ्रॉग-लेग (मांड्या फाकवून) दोन्ही. मुलग्यांमध्ये वृषण फील्डमध्येच येतात. शिसं सिम्फिसिसच्या (जांघेच्या मधला हाडांचा सांधा) खाली नीट ठेवलं तर खुब्याचा सांधा झाकला जात नाही. माझा नियम: पहिला एक्स-रे शिशाशिवाय, कारण तेव्हा निदान व्हायचं असतं आणि प्यूबिक रेमससुद्धा (सिम्फिसिसला जोडलेलं हाड) दिसायला हवा. फॉलोअपला, मॅन्युअल एक्सपोजर असेल तर, मुलग्यांना ठेवा. मुलींना नको. ‘सरसकट बंद’ मला पटत नाही.

भौतिकवाला
मॅन्युअल असेल, ठेवणाऱ्याला जागा कळत असेल, तर माझी हरकत नाही. ओपीडीच्या गर्दीत या दोन्ही अटी कितीदा पाळल्या जातात, ते तुम्हीच सांगा.

दाढदुखी
दातांचं थोडक्यात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये एप्रन आणि थायरॉइड कॉलर दोन्ही अनावश्यक ठरवले. पण त्याच शिफारशींत आयताकृती कोलिमेशनही (झोत फिल्मच्या आकारात आवळणं) आहे. इथे बहुतेक दवाखान्यांत अजून गोल कोन, म्हणजे गोल झोत सोडणारी नळी. कॉलर काढायची आणि कोन तसाच ठेवायचा, हे सोयीपुरतं वाचन झालं. ओपीजीला (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) मात्र कॉलर नकोच, तिची सावली जबड्यावर येते.

वॉर्ड नंबर सात
इथे कुणी पेशंटच्या बाजूने बोलत नाहीये. गरोदर बाईला न्यूमोनियाची शंका आहे, छातीचा एक्स-रे हवाय. गर्भाला मिळणारा डोस 0.01 मिलिग्रेपेक्षाही (मिलिग्रे हे डोसचं एकक) कमी, आणि आयसीआरपी 100 मिलिग्रेच्या आत गर्भपाताचं कारण मानत नाही. पण सासू दारात उभी राहून विचारते, ‘पोटावर काही घातलं नाही?’ आणि बाई उठून जाते. न काढलेला एक्स-रे त्या डोसपेक्षा कितीतरी धोक्याचा. चेंबरपासून दूर, पोटावर एप्रन टाकला तर काय बिघडतं?

भौतिकवाला
मागितला तर द्या, एनसीआरपीही तेवढी मोकळीक ठेवते. आपणहून घालू नका. आपणच घालत राहिलो तर पुढच्या सासूलाही तोच प्रश्न पडणार. आणि तो एप्रन शेवटचा कधी पुसला होता हेही विचारा.

गैरसमज नको म्हणून: मूल धरणाऱ्या नातेवाइकाचा एप्रन या वादात नाही. तो घालायचाच. धरणारी गरोदर नको, हात झोताच्या बाहेर.

तालुका टेक्निशियन
नाण्यांची चाचणी मान्य, करायला लावतो. पण क्यूए (मशीनची अधिकृत तपासणी) दोन वर्षांतून एकदा, आरसा मधल्या काळात कधीही हलतो, आणि बल्ब यायलाच महिना लागतो. तेवढ्यात आलेल्या पोरांना मी एप्रन घालणार. एईसीवाल्या मशीनवर नाही घालणार, हे तुमच्यामुळे.

भौतिकवाला
चालेल. फक्त बल्ब येईपर्यंत कॅसेटच्या मापाचं फील्ड कोलिमेटरच्या नॉबवरच्या आकड्यांवरून लावा, बऱ्याच मशीनवर अंतरानुसार खुणा असतात. आणि एप्रन घडी घालून खुर्चीवर टाकू नका, आतलं शिसं चिरतं. हँगरवर टांगा. वर्षातून एकदा त्याचाच एक्स-रे काढून भेगा बघा.