मदत हवी: दगडावर दोन तास घासूनही चाकूला धार येत नाही

येरळाकाठ
घडीचा चाकू आहे, नवाच. हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा दगड आणला, एक बाजू खरबरीत, एक बारीक. काल रात्री दोन तास घासला. कागद कापतोय पण काम नीट होत नाही. परवा पहाटे माणसं येणार, त्याआधी धार लागलीच पाहिजे. कुठं चुकतंय? लवकर सांगा.

कराडकर_७
कागद कापतोय म्हणजे धार आहे की! कसलं काम? दगडावर तेल घालता की पाणी?

येरळाकाठ
खोबरेल. घरात तेच होतं. दगडावर नंबर नाही.

जुना_टर्नर
खोबरेल थिजतं, दगडाची छिद्रं बुजतात. शिलाई मशीनचं पातळ तेल वापरा. आणि तेल प्यायलेल्या दगडावर आता पाणी चालणार नाही.
खरी गोष्ट कोनाची. साध्या चाकूला दर बाजूला साधारण २० अंश. पातं उभं धरा, ते ९०. निम्मं कलवा, ४५. पुन्हा निम्मं, साडेबावीस. त्याहून किंचित खाली. धारेची कड मार्करने रंगवा आणि दोन-चार हात मारा. रंग अगदी कडेला शिल्लक राहिला तर तुम्ही धारेच्या मागेच घासताय. एकाच बाजूने घासत राहा, पलीकडे नखाला धातूची बारीक तार अडकेपर्यंत. मगच बाजू बदला. तार न येता बाजू बदलत राहिलं तर दहा तास घासूनही उपयोग नाही.

साताऱ्याचा_मावळा
एवढा खटाटोप कशाला? धारवाल्याच्या चाकावर पाच मिनिटांत काम होतं. आमच्या घरी आजोबांपासून तसंच.

जुना_टर्नर
आजोबांच्या वेळी चाक हाताने फिरायचं. कोरड्या इलेक्ट्रिक चाकावर पातळ पातं बघता बघता तापतं, निळं पडतं. पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं की धार टिकत नाही. माझा ठाम विरोध आहे.

साताऱ्याचा_मावळा
सगळे धारवाले सारखे नसतात. आमचा दर दोन हातांनी पातं पाण्यात बुडवतो.

विट्याची_वहिनी
विळीलाही असंच करायचं का? टोमॅटो चिरला जात नाही, चेंबतो.

पलूस_बागाईत
थांबा जरा. पहाटे माणसं म्हणजे कलमं करायला का? चाकू कलमाचा आहे? पात्याची एक बाजू सपाट होती का?

येरळाकाठ
हो, कलमाचाच. डॉगरिजच्या खुंटांवर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपांवर, माणिक चमन द्राक्ष भरायचंय, चारशे खुंट. काडीची पाचर केली की मध्ये फुगीर राहते, खुंटात बसवली की फट दिसते. एक बाजू सपाट होती. मी दोन्ही सारख्याच घासल्या.

पलूस_बागाईत
तिथंच घोळ झाला. एका बाजूनेच उतार असतो म्हणून काप सपाट निघतो. सपाट बाजूला उतार पडला की पातं लाकडातून बाहेर ढकललं जातं आणि पाचर गोलसर होते. सालीखालचा हिरवा थर खुंटाच्या थराला भिडला नाही तर सायन काडी, म्हणजे वर बसवलेली काडी, वाळणारच.
आता सपाट बाजू दगडाच्या बारीक बाजूवर पूर्ण आडवी टेकवा, कणा (पात्याची जाड पाठ) अजिबात उचलू नका. पडलेला उतार जाईपर्यंत घासा, वेळ लागेल. दुसरी बाजू तिच्या मूळ उतारावरच. टर्नरभाऊंचे २० अंश इथं लावू नका. तार आली की सपाट बाजूने दोन हलके हात. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून ओढा. आणि तेल पुसून स्पिरिटचा हात फिरवल्याशिवाय काडीला लावू नका.

जुना_टर्नर
बरोबर. कलमाचा चाकू हे आधी कळलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

कराडकर_७
मी तर कटरची ब्लेड वापरतो. बोथट झाली की टाकायची.

पलूस_बागाईत
ती जाड काडीत वाकते. चारशे खुंटांना नको.

येरळाकाठ
दीड तास फक्त सपाट बाजू घासली. पात्याच्या बुडाकडच्या भागाने पाचर सरळ निघतेय, खुंटात बसवून उजेडाकडे धरली तर फट नाही. टोकाचा अर्धा इंच अजून उचललेला आहे, तो आज रात्री करतो. परवा निम्मे खुंट झाले की सांगतो.

जुना_टर्नर
वहिनी, विळीचं पातं जागचं हलत नाही, म्हणून दगड हातात धरून पात्यावर फिरवा. बोटं धारेच्या मागे ठेवा.