कानाने, डोळ्याने की हाताने? शिकायची आपापली पद्धत खरंच असते का?

खिडकीची जागा:
गेल्या महिन्यात ऑफिसात एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. जेवणानंतरच्या तासाला बाईंनी सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली वाटली. नवीन वस्तू घेतली की आधी माहितीपत्रक वाचता, कुणाला विचारता की थेट हाताळून बघता? कुणाला पत्ता सांगायचा तर नकाशा काढता की तोंडी सांगता? अशा धर्तीचे प्रश्न. शेवटी बेरीज केली आणि मी निघाले ऐकून शिकणारी. शेजारचा सहकारी चित्रांचा, समोरची मॅडम वाचून-लिहून शिकणारी.

मला हे अगदी आतून पटलं. मी बँकेत आहे, मुलुंडला राहते, ऑफिस फोर्टला. जाऊन-येऊन लोकलमध्ये दोन तास जातात. जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेच्या पहिल्या वेळी रात्री जेवणं आटोपल्यावर टेबलाशी बसून वाचायचे. अकरा वाजता डोळे मिटायचे, पुस्तक तसंच उघडं राहायचं. चारपैकी एकही पेपर सुटला नाही. दुसऱ्या वेळी मी स्वतःच्या आवाजात फोनवर नोट्स रेकॉर्ड केल्या आणि भांडुप ते मस्जिद कानात लावून ऐकत राहिले. दोन पेपर सुटले! तेव्हा मला कळलं नव्हतं की हे का जमलं. आता कळलं.

म्हणून मनापासून वाटतं की प्रत्येकाने आपली शैली ओळखावी. दहावीच्या मुलांना तर शाळेनेच ओळखून द्यावी. किती पोरं उगाच स्वतःला मठ्ठ समजत बसतात. तुम्हाला काय वाटतं?

फळा आणि खडू:
ताई, आधी अभिनंदन. नोकरी आणि घर सांभाळून दोन पेपर काढणं सोपं नाही. पण तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही आणि ते स्पष्ट सांगायला हवं, कारण हीच समजूत उराशी धरून मी मुलांची पाच वर्षं घालवली.

मी गिरणगावातल्या एका रात्रशाळेत शिकवतो. दिवसभर दुकानात, कुरिअरवर, हॉटेलात राबलेली मुलं संध्याकाळी साडेसहाला येतात. मी वर्गाचे तीन गट केले होते. बघणाऱ्यांना तक्ते, ऐकणाऱ्यांना तोंडी, हाताने करणाऱ्यांना पुठ्ठ्याचे नमुने. खूप राबलो. मुलांना मजा आली, हजेरी वाढली. निकाल होता तिथेच राहिला. मग वाचायला लागलो.

तुम्ही भरलीत ती बहुधा 'व्हार्क' प्रश्नावली. न्यूझीलंडमधले नील फ्लेमिंग यांनी ती १९८७ मध्ये तयार केली. फ्लेमिंग शाळा तपासनीस होते, वर्गावर्गात जाऊन बसायचे. त्यांची प्रश्नावली माणसाची आवड विचारते. आवडतं काय आणि लक्षात राहतं काय या दोन गोष्टी निराळ्या आहेत, खरी गफलत इथेच होते. शिवाय ही एकच पद्धत नाही. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली तेव्हा शिकण्याच्या शैलींची ७१ वेगवेगळी वर्गीकरणं सापडली. माणसाचे प्रकार खरोखर ठरलेले असते तर ७१ जणांनी ते ७१ तऱ्हांनी पाडले असते का?

२००८ मध्ये हॅरॉल्ड पॅश्लर, मार्क मॅकडॅनियल, डग रोरर आणि रॉबर्ट बियॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी एक साधी कसोटी मांडली. ऐकणारे आणि बघणारे असे दोन गट करा. दोन्ही गटांतल्या अर्ध्यांना ऐकवून शिकवा, अर्ध्यांना दाखवून. मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. शैलीचा दावा खरा असेल तर ऐकणाऱ्यांना ऐकून जास्त मार्क मिळाले पाहिजेत आणि बघणाऱ्यांना बघून. या कसोटीवर घासून बघितलं तेव्हा दावा टिकेल असा पुरावा त्यांना मिळाला नाही. इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. बहुतेकांनी प्रश्नावलीने सांगितलेल्या पद्धतीने अभ्यास केलाच नव्हता, आणि ज्यांनी केला त्यांनाही जास्त मार्क पडले नाहीत.

आता तुमच्याकडे वळतो. रेकॉर्डिंग करण्याआधी तुम्ही धडा वाचलात. त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं हे ठरवलंत. स्वतःच्या शब्दांत मांडलंत, मोठ्याने बोललात. मग रोज थोडं थोडं, आठवडेच्या आठवडे ऐकलंत. पहिल्या वेळी रात्री अकराला दमलेल्या डोळ्यांनी नुसतं वाचत होतात. म्हणजे वेळ बदलली, मेहनतीची जात बदलली, उजळणी वाढली. एवढं सगळं बदलल्यावर श्रेय एकट्या कानाला कसं द्यायचं?

तीनताल:
सर, अभ्यास तुमचे असतील, पण समोर बसलेलं मूल मीही बघतो. गिरगावात तीस वर्षं तबला शिकवतोय. मुलं एकसारखी शिकतात हे मला कुणी सांगू नये.

सध्या माझ्याकडे एक मुलगी आहे. कायदा, म्हणजे तबल्याची ठरावीक बोलरचना, एकदा ऐकला की पढंत अचूक करते, तोंडातून बोल स्वच्छ येतात, हातात यायला मात्र दोन आठवडे लागतात. तिच्याच वयाचा एक मुलगा आहे, त्याचं बरोबर उलटं. माझ्या बोटांकडे टक लावून बघतो आणि लगेच वाजवतो. बोल म्हणायला सांगितले की तिरकिटपाशी अडकतो. दोघांना एकाच तऱ्हेने सुरुवात करून दिली तर दोघांपैकी एक नक्की क्लास सोडून जाईल. ही शैली नाही तर काय?

फळा आणि खडू:
गुरुजी, मुलं वेगळी असतात हे मला शंभर टक्के मान्य आहे. एकाची पूर्वतयारी जास्त, एकाचा हात हलका, एकाचं लक्ष चटकन उडतं. पण त्या मुलाला तुम्ही पढंत माफ केलीत का?

तीनताल:
नाही, माफ करून चालतच नाही. सोळा मात्रांत सम, म्हणजे पहिली मात्रा कुठे, खाली, म्हणजे टाळी न देण्याची नववी मात्रा कुठे हे तोंडाने म्हणत, हाताने टाळी देत मोजलं नाही तर तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा शेवटचा तुकडा, समेवर येणारच नाही. नुसतं बघून वाजवणारी मुलं घरी छान वाजवतात आणि गायकासोबत बसली की नवव्या मात्रेला हरवतात. म्हणून रोज पहिली वीस मिनिटं तबल्यावर कापड, फक्त तोंड आणि टाळी. त्याला आवडत नाही, तरी करून घेतो. पण सुरुवात हातापासून करून दिली म्हणून तो टिकला, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही.

निवृत्त फिटर:
मी रेल्वेच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढली. शेवटची अकरा वर्षं अप्रेंटिस पोरांना शिकवत होतो. वरच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी बोललं नाही. काय शिकायचंय त्यावर सगळं अवलंबून आहे.

पोराला पहिल्या महिन्यात लोखंडाचा एक चौकोनी तुकडा द्यायचो, सगळ्या बाजू कानसने काटकोनात आणायच्या. ऐकायला सोपं आहे. आता बघा यात काय काय लागतं. व्हाइसच्या पकडीत जॉब, म्हणजे तो तुकडा, जास्त वर धरला की कानस किंचाळते, तो आवाज कानाला कळला पाहिजे. दोन्ही हातांचा दाब सारखा नसला की कडा गोल होतात, ते मनगटाला कळलं पाहिजे. मग काटकोन तपासायचा गुण्या लावून जॉब उजेडासमोर धरायचा, फटीतून उजेडाची रेघ दिसली तर अजून काम बाकी आहे, ते डोळ्याने बघायचं. शेवटी मायक्रोमीटर. रॅचेट तीनदा टिकटिकली की थांबायचं आणि एक शतांश मिलिमीटरपर्यंतचं माप वाचून वहीत लिहायचं. कान, हात, डोळा, लिहिणं, सगळं एकाच तुकड्यात आलं.

एखादा म्हणाला असता की साहेब, मी ऐकून शिकणारा आहे, तर मी त्याला उजेडाची रेघ कानात कशी सांगणार होतो? आणि ड्रॉइंग वाचता येत नाही म्हणणाऱ्याला हातकाम देऊन बसवलं असतं, तर तो जन्मभर हेल्परच राहिला असता. अशा दोघांना मी ड्युटी संपल्यावर रोज अर्धा तास बसवून ड्रॉइंग वाचायला शिकवलं. दोघांनी पुढे ट्रेड टेस्ट दिली. जी बाजू कच्ची तिच्यावरच जास्त वेळ घालवायचा असतो. ही प्रश्नावली नेमकं उलटं करायला सांगते, म्हणून मला ती पसंत नाही.

दोन मुलांची आई:
एरवी मी फक्त वाचते. आज लिहिते, कारण मूळ धाग्यात म्हटलंय की शाळेने मुलांची शैली ओळखून द्यावी. ताई, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, पण आमच्या घरी यातून काय झालं ते सांगते.

धाकटा पाचवीत होता. वाचायला बसवलं की रडायचा, पोट दुखतं म्हणायचा. एका क्लासवाल्यांनी बोटांचे ठसे घेऊन रिपोर्ट दिला, फाईल चांगली जाडजूड होती. त्यात लिहिलं होतं की हा हालचालीतून शिकणारा आहे, पुस्तकाचा आग्रह धरू नका. बोटांच्या ठशांवरून बुद्धीचा कल सांगायला काहीही शास्त्रीय आधार नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. आम्ही वाचन सोडून दिलं. मातीकाम, विज्ञानाची किट्स, फुटबॉल. तोही खूश. दोन वर्षं गेली.

सातवीत तो एक परिच्छेद वाचत होता आणि मी पहिल्यांदा शेजारी बसून नीट ऐकलं. 'समाज'चं 'सजमा' करत होता. जोडाक्षर आलं की बोट तिथेच थांबायचं, मग अंदाजाने भलताच शब्द म्हणायचा. ओळ संपली की पुन्हा त्याच ओळीवर यायचा. सायन हॉस्पिटलमध्ये मुलांच्या अध्ययन अक्षमतेसाठी वेगळं क्लिनिक आहे, तिथे नेलं. तपासण्या झाल्या आणि डिस्लेक्सिया निघाला.

त्याची गरज खरी होती, वेगळी शिकवणीही लागणारच होती, पण ती वाचनाचीच. एकेक ध्वनी, एकेक अक्षर, बोट ठेवून, रोज वीस मिनिटं. ती दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवी होती. आता तो नववीत आहे. सावकाश वाचतो, पण स्वतः वाचतो. बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ मिळेल, लागला तर लेखनिकही घेता येईल. शैलीच्या नावाखाली आम्ही त्याची अडचण झाकून ठेवली, याचं मला आजही फार वाईट वाटतं. कुणाचं मूल वाचायला टाळत असेल तर कृपा करून आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग वाचनाची तपासणी करा.

खिडकीची जागा:
तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. शाळेने ओळखून द्यावी हे वाक्य मी मागे घेते. प्रश्नावली भरून मोठ्या माणसाने स्वतःबद्दल विचार करणं वेगळं आणि वाढत्या मुलावर शिक्का मारणं वेगळं.

पण सर, माझी एक बाजू तुम्ही लक्षात घेतली नाहीत. तुमचे अभ्यास विद्यार्थ्यांवरचे आहेत. मला सकाळच्या गर्दीत उभं राहून वही उघडता येत नाही. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात पर्स. तिथे कानच मोकळे असतात. माझ्यासारखीला काय आवडतं, केव्हा मन लागतं, कुठे जागा मिळते हे ओळखल्याशिवाय अभ्यास सुरूच होत नाही. सुरूच झाला नाही तर उत्तम पद्धतीचं मी काय करू?

फळा आणि खडू:
हे बरोबर आहे, आणि मी ते आधी म्हणायला हवं होतं. माझ्या मुलांनाही हजर राहावंसं वाटलं ते त्या तीन गटांमुळेच. वेळ, जागा, मन लागणं याला मी कमी लेखणार नाही.

कान मोकळे आहेत तर कानच वापरा, फक्त ऐकण्याची रीत बदला. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा वाचलं, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर त्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये उत्तराआधी प्रश्न टाका आणि मध्ये दहा सेकंद गप्प राहा.

खिडकीची जागा:
चार दिवस करून बघितलं, म्हणून परत लिहितेय.

चेक न वटल्याचं कलम १३८ मला पाठ आहे असं मी समजत होते, शंभरदा तरी ऐकलं असेल. सोमवारी घाटकोपरला इअरफोन काढले आणि स्वतःला विचारलं, मुदती सांग. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून नोटीस किती दिवसांत? मी मनात पंधरा म्हटलं. तीस आहेत. पंधरा दिवस नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला. आणि त्यानंतर तक्रारीला एक महिना असतो, तो तर आठवलाच नाही. रोज कानावर पडत होतं तेव्हा ओळखीचं वाटायचं, त्यालाच मी येतंय असं समजत होते. मंगळवारी प्रश्न आणि दहा सेकंद गप्प, असं नवीन रेकॉर्डिंग केलं. गुरुवारी विक्रोळी यायच्या आत तिन्ही मुदती क्रमाने आल्या.

फिटरकाका, तुमचंही पटलं. माझ्या राहिलेल्या दोन पेपरांपैकी एक अकाउंट्सचा आहे. घसाऱ्याची, म्हणजे वापराने वस्तूची किंमत दर वर्षी किती घटते त्याची गणितं मी ऐकून करायला बघत होते, 'घटत्या शिलकीवर दहा टक्के' हे वाक्य तोंडपाठ होतं आणि तिसऱ्या वर्षाची रक्कम काढता येत नव्हती. काल शाखा बंद झाल्यावर एक लाखाच्या मशीनवर कागद घेऊन बसले. नव्वद हजार, एक्क्याऐंशी हजार, बहात्तर हजार नऊशे. तिसऱ्या ओळीला दिसलं की दर वर्षी घसारा का कमी होतो.

लोकलमधलं ऐकणं मी सोडणार नाही, ते माझं आहे. अकाउंट्सला मात्र रोज सुटायच्या आधी अर्धा तास, पेन घेऊन.

तीनताल:
घसारा कसा काढायचा ते आधी एकदा मोठ्याने म्हणून बघा, मग पेन उचला.