वाइनच्या पिंपात कोवळी व्हिस्की सुधारते, की केवळ झाकली जाते?

धागाकर्ता, गिरगाव

स्कॉटलंडच्या स्काय बेटाशेजारी रासे नावाचे लहानसे बेट आहे. त्यावरची पहिली कायदेशीर डिस्टिलरी २०१७ साली सुरू झाली आणि २०२० साली तिची पहिली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत केवळ मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की, बाजारात आली. धुराची हलकी छटा असलेली ही व्हिस्की अखेरच्या टप्प्यात फ्रान्समधल्या बोर्दोच्या रेड वाइनच्या पिंपांत ठेवलेली असून तिची तीव्रता ५२ टक्के आहे. भाच्याने आणलेली बाटली इतकी वर्षे कपाटात होती. ती गेल्या शनिवारी उघडली.

पेला नाकाशी नेताच पिकलेल्या करवंदांचा वास आला, त्यामागे विझलेल्या चुलीचा धूर. इथवर मी प्रसन्न होतो. घोट घेतल्यावर मात्र सुरुवातीला जांभळाचा गोडवा जाणवला आणि लगेच, जांभळे जास्त खाल्ल्यावर जीभ आखडते तसा, तुरटपणा पसरला. तो ओसरल्यावर भिजवलेल्या जवाचा कच्चा वास उरला. वाइन आणि माल्ट एकाच पेल्यात असूनही त्यांची गाठ पडलेली नाही, असे मला वाटले.

स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे लागतात. नव्या डिस्टिलरीने या किमान मुदतीच्या आसपासच बाटली काढायची आणि राहिलेले कोवळेपण वाइनच्या रंगागंधाखाली ठेवायचे, ही पद्धत मला पटत नाही. आणखी पाच वर्षे बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन मक्याच्या व्हिस्कीच्या, साध्या पिंपात राहू दिली असती, तर त्या बेटाचा माल्ट कसा आहे हे तरी कळले असते.

प्रतिसाद, विलेपार्ले

मी आपल्याशी पूर्णपणे असहमत आहे. पिंप म्हणजे व्हिस्कीवर चढवलेला मुलामा नव्हे. माल्टच्या चवीचा मोठा भाग लाकडातूनच येतो, आणि आपण ज्याला साधे म्हणता ते बर्बनचे पिंपही आधी दुसरीच दारू प्यायलेले असते. व्हॅनिला आणि खोबऱ्याची चव त्यातूनच येते; तिला मात्र आपण झाकपाक म्हणत नाही.

तैवानही बेटच आहे. तेथील कावालान डिस्टिलरीची पहिली व्हिस्की २००८ साली आली आणि २०१५ साली तिच्या वाइनच्या पिंपातील ‘सोलिस्ट विन्हो बारीक’ या व्हिस्कीला जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम सिंगल माल्टचा मान मिळाला. व्हिस्कीतज्ज्ञ डॉ. जिम स्वान यांनी अशा पिंपांसाठी रूढ केलेली पद्धत मुद्दाम सांगतो: वाइन मुरलेला आतला थर खरवडून काढायचा, लाकूड मंद आचेवर भाजायचे आणि मग पुन्हा जाळायचे. त्याने कडवट आंबटपणा जातो आणि फळांचा गोडवा राहतो. दोष झाकायचा असता, तर एवढी मेहनत कोणी घेतली असती?

आणखी एक विचारतो. आपण पाणी घातले होते का, आणि खोली किती गरम होती? मुंबईच्या तीस अंशांत ५२ टक्क्यांच्या पेल्यातून अल्कोहोल आधी उसळते आणि नाकाला बाकी काही कळू देत नाही. मी स्वतः पंख्याखाली चाखून दोन चांगल्या बाटल्यांना उगाच नावे ठेवली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो.

प्रतिसाद, ठाणे

पार्लेकरांचा पाण्याचा मुद्दा योग्य आहे, पण तैवानचा दाखला येथे लागू पडत नाही. ती व्हिस्की सुरुवातीपासून वाइनच्याच पिंपात मुरते. धाग्यात चर्चा अखेरच्या काही महिन्यांच्या मुक्कामाची आहे. शिवाय हवामान वेगळे. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के व्हिस्की पिंपातून वाफ होऊन उडून जाते, गोव्यात हेच प्रमाण आठ टक्क्यांच्या घरात जाते. उष्ण हवेत लाकूड लवकर काम करते. थंड बेटावरच्या तीन वर्षांना तैवानच्या तीन वर्षांचे माप लावता येणार नाही.

धागाकर्ता, गिरगाव

काल रात्री पुन्हा चाखली. एसी लावून खोली चोवीस अंशांवर आणली, ३० मिलीलिटरचा पेग ओतला, चमच्याने पाण्याचे सहा थेंब घातले आणि पेला बशीने झाकून दहा मिनिटे ठेवला. पार्लेकरांचे म्हणणे मला निम्मे मान्य करावे लागेल: तुरटपणा बराच उतरला, धूर आणि करवंद प्रथमच एकत्र आले, आणि मागे आमसुलासारखा आंबट-गोड स्वाद दिसला, जो शनिवारी मला सापडलाच नव्हता. तेव्हा गाठ पडलेली नाही, हे माझे विधान मी मागे घेतो.

कोवळेपणाबद्दलचे मत मात्र कायम आहे. पेला न धुता तसाच ठेवला होता. आज सकाळी हुंगून पाहिला, तेव्हा वाइनचा मागमूस नव्हता. तळाशी धूर होता आणि तोच भिजवलेल्या जवाचा वास. पार्लेकर, आपणही रात्रीचा पेला एकदा सकाळी हुंगून पाहा आणि काय आढळले ते येथे लिहा.