मदत हवी आहे: बाबांच्या स्पेक्ट्रमची मेमरी वाढवायची आहे (तातडीचे)

निनाद_चिंचवड
बाबांचा जुना स्पेक्ट्रम (सिंक्लेअरचा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक) माळ्यावरून काढला. चालू होतो. एसडी कार्डाचं इंटरफेस मागवून लावलंय, जेटपॅक हा गेम मस्त चालतो. मॅनिक मायनर मात्र लोड होताच मशीन रीसेट होतं. खरी अडचण वेगळीच आहे. बाबांनी तेव्हा भिशीचा प्रोग्राम लिहिला होता, तो कॅसेटवर आहे. पडद्यावर 'प्रोग्राम: भिशी' येतं आणि लगेच 'फोर आउट ऑफ मेमरी'. रविवारी बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतात, तेव्हा हा चालवून दाखवायचाय. मेमरी वाढवायला नक्की काय घेऊ आणि कुठे मिळेल? प्लीज लवकर सांगा.

सर्किटवेडा
कोणता स्पेक्ट्रम? रबरी कळांचा की कडक? इंटरफेस कुठलं? अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे ना? स्पेक्ट्रमच्या पिनेला मध्ये ऋण लागतं, बाजारातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर उलटे असतात.

मिलिंद_ठाणे
सरळ डिव्हएमएमसी घ्या, एसडी कार्डाचंच इंटरफेस. त्यात ५१२ के (किलोबाइट) पर्यंत रॅम मिळते. मी लावल्यापासून कॅसेटला हात लावलेला नाही. पाच-पाच मिनिटं ती किर्रकिर्र कोण ऐकणार?

सर्किटवेडा
मिलिंद, ती रॅम बेसिक भाषेतल्या प्रोग्रामला मिळत नाही हो. ती इंटरफेसच्या स्वतःच्या कामाला, रॉमच्या (कायम कोरलेल्या मेमरीच्या) जागी येऊन बसते. प्रोग्रामला जागा लागते ती मेमरीतल्या १६३८४ या पत्त्याच्या पुढे. ५१२ के लावलं तरी भिशीला एक बाइट जास्तीची मिळायची नाही.

मिलिंद_ठाणे
माझ्याकडे सगळं चालतं.

सर्किटवेडा
कारण तुमच्या मशीनची स्वतःची ४८ के शाबूत आहे.

निनाद_चिंचवड
काळा आहे, कडक कळांचा. वर 'डीबी' लिहिलंय. इंटरफेस डिव्हएमएमसीच आहे, अ‍ॅडॉप्टर मूळचा. आता सांगा ना, काय घेऊ?

जुनी_पेठ
अरे, डीबी स्पेक्ट्रम+! हा आपल्या पुण्यातच जुळवला जायचा, सिंक्लेअरच्या परवान्यावर. आमच्या शाळेत मात्र बीबीसी मायक्रो संगणक होता. १९८४ च्या 'क्लास' या शालेय संगणक योजनेत सरकारी खर्चाने शाळाशाळांत आले होते ते. चपला बाहेर काढून आत जायचं, एका मशीनवर चारजण. त्याचा कीबोर्ड स्पेक्ट्रमपेक्षा कितीतरी चांगला होता.

अमृता_कु
मी म्हणते, लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाका. दहा मिनिटांचं काम, मेमरीची कटकटच नाही.

निनाद_चिंचवड
ताई, बाबांना त्यांच्याच कळांवर बसवायचंय. लॅपटॉप त्यांच्याकडे आहे.

सर्किटवेडा
थांबा. प्लस म्हणजे जन्मतःच ४८ के. घरच्या भिशीला तेवढी पुरून उरते. आणि जेटपॅक १६ के चा गेम आहे, मॅनिक मायनरला ४८ लागते. तुमची मेमरी कमी नाही, वरची ३२ के गेलेली दिसतेय. डिव्हएमएमसी काढून ठेवा आणि हे टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. मशीनला मेमरी कुठवर दिसते तो आकडा येईल, तो सांगा.

निनाद_चिंचवड
३२७६७.

सर्किटवेडा
धडधाकट मशीन ६५५३५ सांगतं. सुरू होताना ते मेमरी तपासत वर जातं आणि पहिल्या खराब बाइटला थांबतं. तुमचं वरच्या ३२ के च्या पहिल्याच बाइटला अडलंय. आता पोक ४००००,० करून त्या जागी शून्य लिहा आणि प्रिंट पीक ४०००० ने परत वाचा.

निनाद_चिंचवड
८ येतंय. ४५००० ला पण ८, ६०००० ला पण.

सर्किटवेडा
शून्य लिहिलं आणि आठ वाचलं, म्हणजे बिट ३ (ज्याची किंमत आठ) कायम एकवर अडकलाय. वरच्या रॅमच्या आठ चिपा म्हणजे आयसी १५ ते २२, प्रत्येकीकडे एकेक बिट. शून्यापासून मोजलं की तुमची आयसी १८. सर्किट आकृतीशी एकदा ताडून घ्या. तिथे ४१६४ जातीची रॅम चिप बसते.

रेडिओकाका
निनाद, खरं सांग, मशीन चालू असताना इंटरफेस खुपसलंस का?

निनाद_चिंचवड
एकदा. हो काका.

रेडिओकाका
तेच कारण. चालू मशीनला मागे काही लावायचं नाही, काढायचंही नाही.

सर्किटवेडा
काका, त्याने सहसा टीआर४ ट्रान्झिस्टर आणि खालची १६ के जाते, ती याची ठणठणीत आहे. ही चिप वयाने गेली असावी.

रेडिओकाका
सहसा म्हणजे नेहमी नव्हे. असो. निनाद, जुनी चिप वाचवत बसू नकोस. बारीक कटरने सोळाही पाय चिपेच्या अंगालगत काप, मग एकेक पाय कथिल वितळवून चिमट्याने उचल. अख्खी ओढलीस तर बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडेल. त्या जागी सॉकेट लाव. चिप १२८ रिफ्रेशची (साठवलेलं टिकायला ती सारखी ताजी करावी लागते) माग, २५६ ची नको. स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरचा रिफ्रेश काउंटर सात बिटांपुरताच, म्हणजे १२८ पर्यंतच, फिरतो. पुण्यात पासोड्या विठोबापाशी पार्टांच्या दुकानांत विचार, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोड.

अमृता_कु
आणि आधी कॅसेटची लॅपटॉपवर प्रत करा! फिरवण्याआधी फितीवर पांढरे ठिपके आहेत का बघा. आमच्या दोन कॅसेट पावसाळ्यातल्या बुरशीने गेल्या, त्यात आजीचा आवाज होता.

निनाद_चिंचवड
प्रत केली, ताई. बुरशी नाही. चिप दुसऱ्या दुकानात मिळाली. कथिलाचं काम समोरच्या टीव्हीवाल्या काकांनी केलं, माझा हात थरथरत होता.

६५५३५!

भिशी लोड झाली. पहिलाच प्रश्न येतो 'महिना?', आणि मग बारा नावं, त्यात आईचंही. बाबांनी चष्मा लावला, प्रोग्रामची लिस्ट काढली आणि ओळ २४० मधली चूक दाखवली. म्हणाले, ही तेव्हाच दुरुस्त करायची राहिली होती. मी लिहायला घेतली तर मला उठवून स्वतः बसले. 'जे'ची कळ दाबली की अख्खं 'लोड' उमटतं हे बोटांना अजून पाठ आहे.

आता कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला बाबांचा शाळेच्या निकालपत्रकाचा प्रोग्राम आहे म्हणतात. तो 'आर टेप लोडिंग एरर' देतोय. काय करू?

रेडिओकाका
टेपरेकॉर्डर कुठला? हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला एक बारीक स्क्रू असतो. मूळची जागा खुणेने लिहून ठेव, कॅसेट चालू करून तो पाव-पाव फेरा फिरव. आवाज जिथे सगळ्यात कर्कश, तिथे थांब.

मिलिंद_ठाणे
डिव्हएमएमसी असताना टेपरेकॉर्डर कशाला?