मसाई पठारावरील जांभळी मंजिरी : रोपे बागेत हलवावीत का?

प्रश्न – सडाप्रेमी

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलणारी जांभळी मंजिरी ही तुळशीच्या कुळातील, पश्चिम घाटाची प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच प्रदेशात आढळणारी) वनस्पती आहे. फोटोसाठी ताटव्यात शिरणारी माणसे आणि थेट पठारावर चढवलेल्या गाड्या पाहून फार काळजी वाटते. काही रोपे कोल्हापुरातील आमच्या मंडळाच्या बागेत लावली आणि पठारावर वृक्षारोपण केले, तर तिचे संवर्धन होईल का?

उत्तर – जांभाखडक

आपली तळमळ रास्त आहे. तरीही हे दोन्ही उपाय कृपया टाळावेत. मंजिरी एका हंगामाची वनस्पती आहे. ती पावसात रुजते, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात फुलते, बी टाकते आणि जांभा, म्हणजे पठाराचा तांबडा खडक, तापू लागला की वाळून जाते. म्हणून बी धरण्यापूर्वी उपटलेले किंवा तुडवलेले प्रत्येक रोप पुढच्या वर्षीचा ताटवा तेवढा विरळ करते. जांभ्याच्या उथळ खळग्यांतील मातीचा पातळ थर, त्यावर पावसाळाभर साचणारे पाणी आणि उन्हाळ्यातील कोरडी भाजणी हे सगळे बागेतल्या वाफ्यात आणणार कसे?

एखादी मंजिरी वाकून पाहावी. इवल्या फुलांबाहेर आलेल्या पुंकेसरांवर जांभळे केस दिसतात. दुरून ताटव्यावर जी मऊ लव पसरल्यासारखी वाटते, ती त्यांचीच.

गाड्यांचे नुकसान तर डोळ्यांना चटकन दिसतही नाही. चाकोरी पडली की साचलेले पाणी तिच्यातून वाहून जाते आणि खळगा अवेळी कोरडा पडतो. वृक्षारोपणासाठी खडक फोडावा लागतो, बाहेरची माती आणावी लागते, तिच्याबरोबर तण येते आणि पुढे सावली पडते. उन्हाळ्यात सडा, म्हणजे असे जांभ्याचे पठार, उजाड दिसतो एवढ्यावरून त्याला पडीक समजणे हे, माझ्या मते, आपल्या जिल्ह्यातील सड्यांचे मोठे दुर्दैव आहे. बॉक्साइटच्या खाणींनी काही सडे पोखरले, तेही याच समजुतीच्या आधाराने.

उत्तर – पन्हाळा परिसर

मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालेले आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत संबंधित ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात, त्यामुळे वाहने पायथ्याशी थांबवण्याची आणि पायवाट आखून देण्याची मागणी आपण ग्रामपंचायतीमार्फत लेखी करावी. कुंपणाचा आग्रह मात्र धरू नये. साताऱ्याजवळच्या कास पठारावर कुंपण घातल्यावर चराई थांबून उंच गवत माजते आणि लहान फुलझाडे त्यात दबतात, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला होता.

सडाप्रेमी

दोघांचेही आभार. रोपे हलवण्याचा विचार सोडला आहे. पायथ्याच्या वाहनतळासाठीचा अर्ज मंडळाच्या वतीने पावसाळ्यापूर्वीच देतो.