पहिली प्रार्थना लिहून आणावी की उभ्या उभ्या करावी?

धागाकर्ता
आमच्या मंडळीत रविवारी आवाहनाचं वचन (उपासना सुरू करणारं बायबलमधलं वाक्य) आणि पहिली प्रार्थना आळीपाळीने सभासद करतात, पाळकसाहेब उपदेशाला उभे राहतात. मागच्या रविवारी एका भाऊंनी वचनाआधी पावसापाण्यावर भाषण केलं आणि प्रार्थनेत सगळ्या आजाऱ्यांची नावं घेतली, कोणाचं कसलं ऑपरेशन झालं त्यासकट. बारा मिनिटं! देवाला ते ऑपरेशन माहीतच होतं, मागच्या बाकाला नव्हतं.

आता पास्टरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीने, मला पानभर सूचना लिहायला सांगितल्यात. माझा मसुदा: वचन आदल्या रात्री दोन-तीनदा मोठ्याने वाचून यावं. स्तोत्र १०० किंवा हबक्कूक २:२० चालेल, पण त्यावर स्पष्टीकरण नको. वचनानंतर थोडी शांतता. प्रार्थना लिहून आणावी, दीड मिनिटाची. आजाऱ्यांसाठी पुढे मध्यस्थीची (इतरांसाठी करायची) प्रार्थना वेगळी आहे, नोटिसा शेवटी.

नगरकर
लिहून आणावी? इथेच बिनसलं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, आमचं घर त्या वळणाचं. माणूस उभा राहतो आणि मनातलं बोलतो. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पदर डोक्यावर घेऊन "देवबापा, रात्र काढलीस, दिवस दाखवलास" म्हणायची, की सगळी मंडळी गप्प. तुमचं पान तेव्हा असतं तर ती जन्मभर बाकावरच बसली असती.

शेवटचा बाक
आजीबद्दल आदर आहे, पण सगळे आजी नसतात. मी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाच्या घरातला. छापील प्रार्थना म्हणताना आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. लिहिलेलं म्हणजे कोरडं, हे कोणी ठरवलं? आणि मनातून करणारेही दर रविवारी तेच म्हणतात हो, फक्त छापलेलं नसतं! १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा तुमचे काँग्रिगेशनल आणि आमचे अँग्लिकन एका छपराखाली आले, पण हे भांडण दोघांनीही बरोबर आणलं. उपासना-संगीत या आपल्या गीतपुस्तकातली ना. वा. टिळकांची गाणी गाताना तुम्हाला कागद चालतो ना?

नगरकर
गाणं सगळे मिळून गातात. प्रार्थना एक जण करतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. कागदाला आमेन कसं म्हणू?

शेवटचा बाक
बायबलातल्या स्तोत्रसंहितेला म्हणता तसंच, तीही लिहिलेलीच आहे.

गावाकडची
आमच्याकडे एक पाळक आणि पाच गावं. ते येतात तेव्हा पहिलं गाणं होऊन गेलेलं असतं. सुरुवात आम्हीच करतो, कधी नववीतली मुलगीसुद्धा. तिच्या हातात कागद नसेल तर ती माइकसमोर थरथरते. तिच्यासाठी तरी सोय ठेवा.

धागाकर्ता
बरं, "लिहून आणावी" खोडतो. "घरी ठरवून यावं, हवं तर लिहावं" असं करतो. दीड मिनिटाची दोन मिनिटं करतो. आजाऱ्यांच्या नावांचं कलम मात्र हलणार नाही, आमच्या घरातलंच नाव होतं त्यात.

नगरकर
हे आधी सांगायचं होतं. मग ते कलम ठेवा. घड्याळ मात्र काढाच.

बाजापेटीवाला
तुमचं चालू द्या. माझं एक कलम घाला: गाण्याचा नंबर दोनदा, सावकाश सांगावा, आणि उभं राहायचं की बसायचं तेही. परवा बासष्ट की बाहत्तर कळेना. मी एक चाल धरली, डावीकडच्या बायकांनी दुसरंच गाणं उचललं, आणि सुरुवात करणारे भाऊ डोळे मिटून उभे.