मदत हवी आहे: लॅब्राडोर कुत्रीसाठी वापरलेली इलेक्ट्रिक गाडी, नेक्सॉन की झेडएस?

मुलुंडला राहतो. बजेट १० लाखांपर्यंत. सोसायटीने पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट द्यायला होकार दिलाय. रोजचं धावणं ३० किमी, महिन्यातून एकदा पुणे, म्हणजे बोरघाट आलाच.

खरी अडचण आमच्या राणीची. वय ९, वजन ३१ किलो, मागच्या पायांचे सांधे दुखतात. उंच गाडीत तिला उडी मारवत नाही, म्हणून रॅम्प घेतलाय. परवा २०२१ची नेक्सॉन ईव्ही (बॅटरी ३०.२ किलोवॅट-तास) पाहिली. मागच्या सीटवर ती नीट मावली, पण रॅम्पचा चढ तिला फार वाटला. एमजी झेडएस ईव्हीची बॅटरी मोठी आहे, पण राणीला घेऊन अजून बघता आली नाही. टियागो ईव्ही लहान पडेल म्हणून सोडली.

पेट्रोल-सीएनजी सुचवू नका, इलेक्ट्रिकच घ्यायची हे ठरलंय. उन्हात तिला गाडीत एकटी ठेवणार नाही. पण चार्जिंगला थांबल्यावर आम्ही आत बसून एसी चालू ठेवणार.

नेक्सॉनच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किमीची वॉरंटी होती. ती दुसऱ्या मालकाला मिळण्यासाठी कोणते कागद लागले? आणि मोठा कुत्रा असलेल्यांनो, या दोन्हींपैकी कोणत्या गाडीत चार्जिंग चालू असताना एसी चालतो?